रातांब्याच्या सालींतील औषधी द्रव्यें

वैशाखाच्या अखेरीस कोंकणांत व गोमंतकांत घरोघरच्या अंगणांतून लालभडक साली वाळत पडलेल्या दिसतात. या साली रातांब्याच्या. कोणी या फळास रातांबा म्हणतात, कोणी कोकम म्हणतात, तर दक्षिण कोंकणांत व गोव्याकडे भिरंड हें नांव अधिक ऐकूं येतें. साल वाळली कीं तिचें आमसूल होतें. मीठ घालून काढलेल्या रसाचें आगळ होतें. साखरेंत मुरविलेल्या सालीपासून अमृतकोकम मिळतें. आणि नारळाच्या रसांत आगळ मिसळलें कीं सोलकढी तयार होते. जेवणांत या फळाचें स्थान जितकें मोठें, तितकेंच तें घरगुती औषधांतही आहे. अंगावर पित्त उठलें कीं आमसुलाचें पाणी अंगास लावावें व पोटांतही द्यावें, पायांस भेगा पडल्या कीं बियांचें तेल चोळावें, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आयुर्वेदांत वृक्षाम्ल या नांवानें हेंच फळ ओळखलें जातें.

“कोकम औषधी आहे” हें वाक्य आपण सहज बोलून जातों. परंतु या वाक्याचा अर्थ काय? फळांतील कोणता पदार्थ औषधी? कोणत्या रोगावर? किती मात्रेनें? आणि तसें असल्याचा पुरावा कोणता? हे प्रश्न केवळ परीक्षेपुरते नाहींत. या फळाच्या कुळाचें शास्त्रीय नांव धारण करणाऱ्या, वजन उतरविण्याच्या गोळ्या व चूर्णें बाजारांत विकावयास असतात. “वनस्पतीपासून केलेलें, म्हणून निर्धोक” अशी त्यांची जाहिरात असते, आणि तिला भुलून पुष्कळ लोक पैसा खर्च करितात. कांहीं प्रकृतीही बिघडवून घेतात. म्हणून फळांत एखादें द्रव्य सांपडणें आणि त्याचें औषध होणें यांमध्यें किती पायऱ्या आहेत, व रातांबा आजवर त्यांतील कोणत्या पायरीपर्यंत चढला आहे, हें या पाठांत क्रमानें पाहूं.

पहिली पायरी ओळखीची. ज्या झाडाचा अभ्यास करावयाचा तें निश्चित कोणतें, हें आधीं ठरलें पाहिजे. रातांब्याचें झाड सदाहरित असून सडपातळ वाढतें. त्याच्या फांद्या किंचित् खालीं झुकलेल्या असतात. कोंवळीं पानें लालसर व जून पानें गर्द हिरवीं असतात. नर व मादी फुलें बहुधा निरनिराळ्या झाडांवर येतात. त्यामुळें बीं रुजवून वाढविलेलें झाड फळ देईल कीं नाहीं, हें त्यास फुलें येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षें, कळत नाहीं. यासाठींच चांगल्या मादी झाडांचीं कलमें बांधून लावण्याची पद्धति रूढ झाली आहे. फळ लहान लिंबाएवढें, पिकल्यावर लाल किंवा जांभळट. आंत आंबटगोड गर व त्यांत साधारणतः पांच ते आठ बिया.

या झाडाचें शास्त्रीय नांव गार्सिनिया इंडिका. गार्सिया द ओर्ता नांवाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहात असे. इकडील औषधी वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला, आणि त्यांत या फळाचाही उल्लेख आहे. नांवांच्या साम्यामुळें “गार्सिनिया” हा शब्द त्याच्यावरून आला असावा असें वाटतें. पण तसें नाहीं. लॉरां गार्सें नांवाचा एक फ्रेंच वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ डच कंपनीच्या जहाजांवरून पूर्वेकडील देशांत फिरला होता. त्याच्या सन्मानार्थ लिनियसनें हें नांव या कुळास दिलें.

याच कुळांत दुसरींही झाडें आहेत. मलबारांत माशांच्या कालवणांत जें आंबट फळ घालतात, त्यास तिकडे कुडमपुळी म्हणतात. तें पिवळें असून त्यास भोपळ्याप्रमाणें उभ्या खांचा असतात. त्याचें आजचें नांव गार्सिनिया गमी-गट्टा. जुन्या पुस्तकांत व गोळ्यांच्या डब्यांवर मात्र “गार्सिनिया कॅम्बोजिया” असें नांव आढळतें. मँगोस्टीन हें गोड फळही याच कुळांतलें. हीं भावंडें खरीं, पण एक नव्हेत. एकाचा गुण दुसऱ्यास न तपासतां चिकटविणें शास्त्रास मान्य नाहीं. म्हणून संशोधक ज्या झाडाची साल घेतो, त्या झाडाची एक डहाळी दाबून, वाळवून, स्थळ व दिनांक लिहून संग्रहालयांत ठेवितो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयांत असा एक मोठा संग्रह आहे. स्वित्झर्लंडमधून येऊन भारतांतील वनस्पतींच्या अभ्यासाला वाहून घेणारे जेझुइट धर्मगुरु फादर एथलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांचें नांव त्या संग्रहास दिलेलें आहे. पुढें कोणास शंका आली, तर अशा डहाळीवरून खरेंखोटें करितां येतें.

दुसरी पायरी पृथक्करणाची. फळ म्हणजे शेंकडों द्रव्यांचें मिश्रण होय. त्यांतील एकेक द्रव्य निराळें करण्याचा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. याचें उत्तर सिंकोना झाडाच्या इतिहासांत मिळतें. सतराव्या शतकांत दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांतून या झाडाची साल युरोपांत गेली. ती पसरविण्यांत जेझुइट मिशनऱ्यांचा हात असल्यामुळें तिला “जेझुइटांची साल” असेंच नांव पडलें. हिंवतापावर ती गुणकारी ठरली. परंतु एका झाडाच्या सालींत गुणद्रव्य अधिक, तर दुसऱ्याच्या सालींत कमी. वैद्यानें चमचाभर चूर्ण दिलें तरी रोग्याच्या पोटांत औषध किती गेलें, हें कोणासच ठाऊक नसे. १८२० सालीं पेल्तिए व काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं त्या सालींतून क्विनीन निराळें काढलें, आणि तेव्हांपासून मात्रा तोलून देतां येऊं लागली. द्रव्य निराळें झाल्यावांचून मोजमाप नाहीं, आणि मोजमापावांचून औषध नाहीं.

पृथक्करणाचें मूलतत्त्व साधें आहे: कांहीं द्रव्यें पाण्यांत विरघळतात, कांहीं मद्यार्कांत, कांहीं तेलासारख्या द्रवांत. यांतील पहिला भाग प्रत्येक विद्यार्थ्यास घरीं पाहतां येईल. चार-पांच आमसुलें एक पेला कोमट पाण्यांत अर्धा तास भिजत ठेवा व पाणी गाळून तीन कांचेच्या पेल्यांत वांटा. पहिला पेला तसाच राहूं द्या. दुसऱ्यांत थोडा लिंबाचा रस पिळा. पाणी लालच राहील. तिसऱ्यांत खाण्याचा सोडा चिमूट चिमूट टाका. प्रथम फेंस येईल, कारण आम्ल व सोडा यांच्या संयोगानें कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो. मग लाल रंग जाऊन जांभळट, आणि पुढें निळसर किंवा हिरवट काळी छटा येईल. लगेच त्यांत लिंबू पिळल्यास तांबूसपणा बराचसा परत येईल. शाळेंतील लिटमस कागद जें करितो, तेंच आपल्या स्वयंपाकघरांतील आमसूल करून दाखवितें. प्रयोगाचें हें पाणी मात्र पिऊं नये.

या एका प्रयोगांत दोन द्रव्यांची ओळख झाली. रंग देणारीं तीं अँथोसायनिनें. कोकमांत सायनिडिन नांवाच्या रंगद्रव्याला साखरेचे रेणु जोडले जाऊन झालेलीं दोन अँथोसायनिनें मुख्य आहेत. ऊन, उष्णता व हवा यांनीं तीं लवकर बिघडतात. म्हणूनच उघड्यावर राहिलेलें कोकमाचें सरबत कांहीं काळानें तपकिरी पडतें. दुसरें द्रव्य म्हणजे तें आंबट आम्ल. या कुळांतील फळांचें आम्ल लिंबांतील सायट्रिक आम्ल किंवा चिंचेंतील टार्टरिक आम्ल असावें, असा पूर्वीं समज होता. १९६५ सालीं मैसूर येथील केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेंतील लुईस व नीलकंठन् या संशोधकांनीं मलबारी फळांतील मुख्य आम्ल निराळेंच असल्याचें प्रसिद्ध केलें. तें हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. रातांब्याच्या सालींतही तेंच मुख्य असून त्याचें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास भरतें.

लिंबाच्या आम्लाच्या रेणूंत कार्बनचे सहा, हायड्रोजनचे आठ व ऑक्सिजनचे सात अणु असतात. कोकमाच्या आम्लांत ऑक्सिजनचा एकच अणु अधिक. एवढ्याशा फरकानें द्रव्याचा स्वभाव बदलतो. इतकेंच नव्हे, तर तेच अणु अवकाशांत निराळ्या दिशांनीं मांडले तर या आम्लाचीं चार रूपें होतात. कोकमाच्या कुळांत एक रूप सांपडतें, आणि सरबतासाठीं वापरतात त्या लाल अंबाडींत दुसरें. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातास बसत नाहीं, त्याप्रमाणें एका रूपाचें कार्य दुसऱ्याकडून होईलच असें नाहीं.

तिसरें द्रव्य पाण्यांत उतरत नाहीं, म्हणून आपल्या पेल्यांत तें दिसलें नाहीं. त्याचें नांव गार्सिनॉल. तें पिवळें असून मद्यार्कांत किंवा तत्सम द्रवांत विरघळतें. त्याचा रेणु बराच मोठा, कार्बनच्या ३८ अणूंचा. शिवाय बियांत घट्ट तेल असतें. तें सुमारें ४० अंश सेंटिग्रेडला वितळतें. म्हणून कोंकणच्या हवेंत तें गोळ्याच्या रूपांत टिकतें, आणि भेगांवर चोळलें कीं अंगाच्या ऊबेनें मऊ होऊन त्वचेवर थर धरतें. भेगाळलेल्या टांचेस त्यानें आराम कां पडावा, हें येथें स्पष्ट दिसतें: थर बसला कीं त्वचेंतील ओलावा उडून जात नाहीं.

तिसरी पायरी परीक्षानळीची व प्राण्यांची. आपण भात व साखर जरुरीपेक्षां अधिक खाल्ली, तर शरीर त्यांतील कांहीं भागाची चरबी बनवूं शकतें. या कामीं पेशींतील एक विकर सायट्रिक आम्लाचे तुकडे करितें, व त्यांतील एका तुकड्यापासून चरबी घडते. कोकमाचें आम्ल दिसावयास सायट्रिक आम्लासारखें. म्हणून तें या विकराच्या खांचेंत जाऊन बसतें व त्याचें काम अडवितें. कुलपांत चुकीची किल्ली अडकावी, तसा हा प्रकार. १९६९ च्या सुमारास अमेरिकेंतील ब्रँडाइस विद्यापीठांत लोवेनस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं हें दाखविलें; पुढें उंदरांच्या यकृतांत चरबी बनण्याचें प्रमाण घटल्याचेंही आढळलें. गार्सिनॉलविषयीं महत्त्वाचें काम आपल्याच देशांत झालें. बंगळूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रांत तपस कुंडू व सहकाऱ्यांनीं २००४ सालीं असें दाखविलें कीं, पेशींतील जनुकें जागीं करण्याच्या कामीं मदत करणाऱ्या कांहीं विकरांना गार्सिनॉल अडवितें. कर्करोगासारख्या विकारांचा अभ्यास करणाऱ्यांस हा शोध मोलाचा वाटला.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल कीं, आतां औषध हातीं आलें. नेमकें येथेंच सावध व्हावयास हवें. परीक्षानळींतील पेशींवर द्रव्य थेट ओततां येतें; माणसाच्या पोटांत गेलेलें द्रव्य मात्र आंतड्यांतून किती शोषलें जाईल, यकृत त्याचें काय करील, आणि इष्ट स्थळीं किती पोंचेल, हें परीक्षानळी सांगूं शकत नाहीं. उंदीरही माणूस नव्हे. पुष्कळ पिष्टमय अन्न खाणाऱ्या उंदराच्या शरीरांत नवी चरबी झपाट्यानें बनते. माणसाच्या अंगावरील चरबी बहुतांशीं त्यानें खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांतूनच येते, व साखरेपासून नवी चरबी बनण्याचा भाग सामान्यतः लहान असतो. मग जो दरवाजा माणसांत मुळांतच अर्धवट उघडा, तो बंद केल्यानें किती लाभ होणार?

म्हणून चौथी पायरी: माणसांवरील निःपक्ष चांचणी. न्यूयॉर्क येथें हेम्सफील्ड व सहकाऱ्यांनीं केलेली अशी चांचणी १९९८ सालीं अमेरिकन वैद्यकीय संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. अधिक वजनाच्या १३५ माणसांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडले. एका गटास मलबारी फळाच्या अर्कांतून रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल दिलें. दुसऱ्यास दिसावयास तशीच, पण औषधावांचूनची गोळी. कोणास काय मिळालें हें घेणाऱ्यासही ठाऊक नव्हतें व देणाऱ्यासही नव्हतें. दोन्ही गटांस सारखाच आहार आंखून दिला. १२ आठवड्यांनंतर तोलून पाहतां आम्ल घेणाऱ्यांचें वजन सरासरी ३.२ किलोनें घटलें होतें, आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांचें ४.१ किलोनें. हा फरक योगायोगानें पडण्याइतकाच होता. म्हणजे गोळीचा विशेष गुण कांहीं दिसला नाहीं. वजन घटलें तें आहारामुळें.

हा दुसरा गट नसता तर काय झालें असतें, याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा. “बारा आठवड्यांत तीन किलो वजन उतरलें” एवढेंच वाक्य जाहिरातींत झळकलें असतें, आणि तें खोटेंही नसतें! अर्धें सत्य कसें फसवितें, याचें याहून चांगलें उदाहरण शोधून सांपडणार नाहीं. तुलना केल्यावांचून गुण कळत नाहीं, हा या पाठाचा गाभा होय.

गोष्ट निष्फळतेवर थांबली असती तर केवळ पैसे गेले असते. पण या कुळाचा अर्क असलेल्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं माणसांच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाल्या आहेत; अशा गोळ्यांत बहुधा इतरही द्रव्यें मिसळलेलीं असतात, त्यामुळें दोष कोणाचा हें ठरविणें कठीण जातें. फळ सोलकढींत खाणें आणि त्याचें एकच द्रव्य घट्ट करून दररोज मोठ्या मात्रेनें गिळणें, या दोन गोष्टी अगदीं भिन्न आहेत. पहिलीला शतकांचा अनुभव आहे. दुसरीला तो नाहीं. “आमचे आजे-पणजे हेंच खात आले” हा दाखला गोळीच्या बाबतींत लागू पडत नाहीं. गार्सिनॉलची स्थिति निराळी आहे. त्यावरील काम मुख्यतः पेशींवर व प्राण्यांवर झालेलें असून, तें कोणत्याही रोगावरील मान्यताप्राप्त औषध झालेलें नाहीं. तें तिसऱ्या पायरीवर उभें आहे. चौथीवर चढेल किंवा चढणार नाहीं.

मग वाडवडिलांची समजूत टाकाऊ मानावयाची काय? मुळींच नाहीं. सिंकोनाची साल हिंवतापावर चालते हें आधीं अनुभवानें कळलें आणि क्विनीन नंतर हातीं आलें. परंपरा संशोधकास सांगते कीं, येथें खणून पाहा. खालीं पाणी लागेल कीं नाहीं, हें मात्र खणल्यावरच ठरतें. टांचांच्या भेगांवरील तेलाचा उपयोग सहज पटण्यासारखा आहे. आमसुलाच्या पाण्यानें अंगावरील पित्त शमतें, या समजुतीस मात्र तशीच तुलनेची कसोटी हवी. कारण अंगावर उठलेलें पित्त पुष्कळदां कांहीं न करितांही कांहीं तासांत ओसरतें. त्यांतच ओठ किंवा जीभ सुजूं लागली, अगर श्वास कोंडूं लागला, तर आमसूल शोधीत न बसतां रोग्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. अशा वेळीं घटकाभराचा विलंबही जिवावर बेतूं शकतो.

पालकांनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. अमृतकोकमांत साखर व आगळांत मीठ भरपूर असतें. म्हणून मधुमेह असणाऱ्यांनीं पहिल्याचा व रक्तदाब वाढलेल्यांनीं दुसऱ्याचा बेतानेंच उपयोग करावा. आणि कोणतेंही वजन उतरविण्याचें चूर्ण, मग डब्यावर कितीही हिरवीं पानें छापलेलीं असोत, डॉक्टरांस विचारल्यावांचून मुलांस देऊं नये.

विद्यार्थ्यांनीं या उन्हाळ्यांत एक वही करावी. आपल्या गांवांतील रातांब्याचीं झाडें किती, त्यांत फळणारीं किती, पहिलें फूल केव्हां आलें, पाऊस लागण्यापूर्वीं किती फळें उतरलीं, सालीचा रंग कोठें गडद व कोठें फिका, हें दिनांकासह लिहून ठेवावें. घरांतील वडील माणसें कोकम कशाकशावर देतात, तेंही त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावें. पुढें तुमच्यापैकीं कोणी रसायनशास्त्रज्ञ किंवा वैद्य झाला, तर अशा वहींतूनच त्यास पहिला प्रश्न सांपडेल. आणि जो तसा होणार नाहीं, त्यालाही कोणी “हें औषध आहे” असें सांगितल्यावर चार गोष्टी विचारण्याची संवय लागेल: झाड कोणतें, द्रव्य कोणतें, मात्रा किती, आणि कोणाशीं तुलना करून पाहिलें?

परमेश्वरानें कोंकणच्या तांबड्या मातींत हें झाड उगविलें, तें उन्हाळ्यांत तहान भागविण्यास व भाताच्या घासास रुचि आणण्यास पुरेसें आहे. त्याच्या सालींत एखाद्या रोगावरील खरें औषध दडलेलें असेलही. तें असेल तर धीरानें, तोलूनमापून व सत्यास धरून काम करणाऱ्यासच सांपडेल. तोंवर आमसूल आमटींत असावें, सोलकढी ताटाशेजारीं असावी, आणि औषधासाठीं वैद्याचा सल्ला असावा, हेंच शहाणपणाचें.